हात खिशात घाल आणि तोंडानं सांग

"हात खिशात घाल आणि तोंडानं सांग."

एवढं म्हणून सर खुर्ची फिरवायचे आणि भिंतीकडं तोंड करून बसायचे. इंजिनिअरिंगची पोरं सर्किट कसं समजावतात ते तुम्ही पाहिलं असेल. "हे इथनं येतं, मग तिकडं जातं, मग ते चालू होतं" म्हणत बोट फिरवलं की त्यांचं भागतं. सरांपुढं ते चालत नसे. पाठमोऱ्या माणसाला बोट दिसत नाही, आणि आपला हात तर खिशात. मग 'हे' म्हणजे काय आणि 'तिकडं' म्हणजे कुठं, ते नाव घेऊन सांगावं लागायचं. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग गप्प. "काय पावणं, दातखीळ बसली का?" असं सर भिंतीलाच विचारायचे.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. राहायला मंगळवार पेठेत, यायचे सायकलवर, बुशशर्टच्या खिशाला कायम टेस्टर. वर्गात बोलायचे घरी बोलतात तसंच. बाकीच्या प्राध्यापकांना ते खटकायचं. सर म्हणायचे, "आधी घरातल्या माणसाला कळंल असं सांगा. मग त्याचं इंग्रजी करायला काय लागतंय?"

प्रोजेक्टचे गटही तेच पाडायचे. दोस्त दोस्त एका गटात कधी घालायचे नाहीत. त्यातून त्यांचा एक नियम असा की, ज्यानं जे बनवलं ते त्यानं सांगायचं नाही, दुसऱ्यानं सांगायचं. म्हणजे मग एकमेकांशी बोलल्याशिवाय गत्यंतरच नाही. आमच्या गटात मी, इचलकरंजीचा बशीर आणि हातकणंगल्याकडच्या एका खेड्यातला तानाजी. मी बडबड्या, म्हणून माझ्या हातात डाखणी, म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री दिली. पहिल्याच आठवड्यात मी दोन ट्रान्झिस्टर जाळले. तानाजीच्या हातात कला होती, पण चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. सरांनी बोलायचं काम नेमकं त्याच्याकडं दिलं.

आम्हाला वाटलं, सरांनी पोराचा बळी द्यायचं ठरवलंय. कारण आदल्या वर्षी तानाजी तोंडी परीक्षेतच नापास झाला होता. लेखीत चांगले मार्क, आणि परीक्षकासमोर उभा राहिला तो तसाच बाहेर आला. यंदा पुन्हा तसं झालं तर शिक्षण बंद, दूध डेअरीत चिकटवतो, असं त्याच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं. डेअरीत वाईट काही नव्हतं. पण तानाजीला रेडिओ, ॲम्प्लिफायर, वायरी याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. तो मला एकदाच म्हणाला, "मला ह्येच करायचं हाय रं." परत त्यानं विषय काढला नाही.

प्रोजेक्ट बशीरच्या घरच्या धंद्यातनं निघालं. त्याच्या चाचांचे यंत्रमाग होते. ताण्यातला एखादा उभा धागा तुटला तरी माग आपला चालूच राहतो आणि कापड खराब होतं. आम्ही प्रत्येक धाग्यावर धातूची एक हलकी पत्री अडकवली. धागा तुटला की पत्री खाली पडणार, तारेला टेकणार आणि आमचं सर्किट माग थांबवणार. कल्पना काही नवी नव्हती, पण आम्हाला ती स्वस्तात करून दाखवायची होती.

एका रविवारी सर आम्हाला घेऊन इचलकरंजीला गेले. शेडमध्ये सगळे माग चालू. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नव्हतं. सर तानाजीला म्हणाले, "चाचांना समजावून सांग." तानाजी नेहमीसारखा पुटपुटला. चाचा कानाला हात लावून ओरडले, "काय बोलतोस? मोठ्यानं बोल की!"

मग तानाजी ओरडला. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारतात तसा. पत्री, तार, रिले, मोटर, सगळं त्यानं ओरडून सांगितलं. चुकलं तरी कोणाला ऐकू येत नव्हतं, आणि मला वाटतं म्हणूनच त्याची भीड चेपली. चाचांनी मान डोलावली. सर बाजूला उभे राहून ऐकत होते, आणि इतकं खूश मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. पुढचे सगळे रविवार ते त्याला एकट्याला घेऊन तिथं जायचे, स्वतःची सुट्टी मोडून.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक मोठे कडक. सूटबूट, प्रश्न सगळे इंग्रजीत. आमच्या वर्गाची एक खोड त्यांना काय माहीत असणार? एकेक पोरगं आत यायचं, नमस्कार करायचं आणि दोन्ही हात खिशात घालून उभं राहायचं. त्यांना तो उर्मटपणा वाटला. तानाजीची पाळी येईतो त्यांचं डोकं फिरलेलं. "हात बाहेर काढा. ही काय पद्धत झाली?"

तानाजीनं हात बाहेर काढले. आणि त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच. परीक्षकांनी प्रश्न पुन्हा विचारला, मग पेन उचललं. मी आणि बशीर शेजारीच उभे होतो, पण आम्हाला बोलायची बंदी. सर कॉलेजचे परीक्षक म्हणून टेबलापाशी बसले होते. त्यांनाही विद्यार्थ्याला काही सुचवायची परवानगी नव्हती.

सरांनी सुचवलं काहीच नाही. ते दोन्ही हातांनी टेबल बडवायला लागले. खटाक् खट, खटाक् खट. आधी हळू, मग जोरात. टेबलावरचा पाण्याचा पेला हलायला लागला. परीक्षक बघतच राहिले. "अहो, हे काय चाललंय?"

आणि तानाजी ओरडून बोलायला लागला. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, पण धाग्यापासून मोटरपर्यंत एकही पायरी न गाळता. सरांनी टेबल बडवायचं थांबवलं तरी तो थांबला नाही. परीक्षकांनी उलटसुलट विचारलं, त्याचीही उत्तरं दिली. बाहेर व्हरांड्यातल्या पोरांना सगळं ऐकू गेलं.

तानाजी पास झाला. त्या गृहस्थांनी मार्क दिले आणि जाताना प्राचार्यांकडं तक्रारही केली, की तुमच्या परीक्षकानं खोलीत तमाशा केला. मला त्यांचा अजून राग येतो. त्या वर्षापासून सरांना परीक्षक म्हणून बसवणं बंद झालं. स्वतः शिकवलेल्या पोरांची परीक्षा घेता येऊ नये, ही मास्तराला लहान शिक्षा नव्हे.

पुढं मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा मला हे कळलं. सरांना विचारलं तर म्हणाले, "तान्याला सांगू नकोस. त्याला लागंल, आनि परत गप बसंल त्यो." परीक्षेच्या दिवशी सर व्हरांड्यातल्या बाकावर घाबरलेल्या पोरांजवळ बसायचे, ऊस, म्हशी, कुस्ती असं काहीबाही बोलत. निवृत्त होईपर्यंत त्यांचा हा क्रम चालला.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत सर झोपेतच गेले. तानाजी तेव्हा पुण्यात एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. तो आला, त्यांच्या घरी जाऊन आला, आणि मग मला भेटायला कॉलेजात आला. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. बोलता बोलता त्यानं विचारलं, "आपल्या बॅचच्या मागनं सर परीक्षेला आत का बसत नव्हते रं? पोरं सांगत्यात, बाहेरच असायचे."

आता सरच नव्हते, लपवायचं कशाला? मी सांगितलं.

तानाजीनं कठडा धरला. मग म्हणाला, "एकदा सांगायचं हुतं की मला. जन्मभर दुसऱ्यांना बोलाय लावलं, आनि स्वतःचं तेवढं बोलले न्हाईत." त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.