नळीतून बघणारे मामा

जगात जे काही म्हणून सरळ उरलंय, ते एकदा तरी माझ्या मामेसासऱ्यांच्या डोळ्याखालून गेलेलं असणार, अशी माझी पक्की समजूत आहे. माझ्या बायकोचे हे मामा कोपरखैरण्याच्या जुन्या गावातले. वडील मिठागरात राबले, मामा सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात लागले, आणि तिथे चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लष्करासाठी तिथे कारबाईन बनायची, म्हणजे आखूड नळीची, खांद्याला लावून चालवायची बंदूक. तिची तयार नळी खिडकीच्या उजेडासमोर धरायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने आरपार बघायचं. आत उजेडाची वर्तुळं एकात एक नीट बसलेली दिसली की नळी सरळ. एखादं जरी कडेला सरकलं तरी नळी वाकडी. वाकड्या नळीवर लाल खडूने रेघ मारायची आणि ती बाजूला ठेवायची. कारखाना सुटला, पण मामांचा हा चाळा काही सुटला नाही. सदऱ्याच्या खिशात लाल खडू अजूनही असतो, आणि धोब्याने त्याबद्दल कधीच आशा सोडली आहे.

पोकळ आणि लांब असं काहीही हाती आलं की मामा आधी ते डोळ्याला लावतात, मग बाकीचं जग. आमच्या लग्नाचा मांडव घालायला माणसं आली, तेव्हा मामांनी एकेक लोखंडी पाईप तपासून अकरा पाईपांवर लाल रेघा ओढल्या. मांडववाला कपाळाला हात लावून बसला. ‘मामा, मांडव हाय हा, तोफ नाय,’ असं तो म्हणाला, तर मामा शांतपणे म्हणाले, ‘वाकडा तो वाकडाच.’ शेवटी नवरदेवाच्या बाजूचा मांडव बुटका राहिला आणि माझ्या सातारच्या काकांनी संपूर्ण लग्न वाकून पाहिलं. सीवूड्सला आमच्या सोसायटीत पाण्याचे पाईप बदलले, तेव्हा प्लंबर मामांना बघून जिन्यामागे लपायचा. माझ्या मुलीच्या हातातली शहाळ्याची नळीसुद्धा त्यांनी एकदा काढून घेतली होती. ‘यातून नको पिऊ, वाकडी हाय,’ म्हणाले. ती वाकवायचीच असते, हे तिने दाखवून दिल्यावर मामांनी नळी तिला परत केली. माणसं मुद्दाम वाकडी नळी बनवतात, हे त्यांना मनापासून लागलं असावं.

अशा माणसाने चौतीस वर्षांत स्वतः एकही गोळी झाडली नव्हती. चाचणीचा विभाग भिंतीपलीकडे होता. मामांना फक्त आवाज यायचा. ‘नली आमी पास करायची, ती सुटते कशी ते दुसऱ्यांनी बघायचं,’ असं ते म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांनी एकच हट्ट धरला. लष्कराच्या त्याच कारबाईनची हुबेहूब प्रतिकृती आता लायसन्सवर मिळते. रूप तेच, पण गोळी पिस्तुलाची, आणि घोडा ओढला की एकच सुटते. ती घ्यायची. लायसन्सच्या चौकशीला पोलीस माझ्याकडेही आले होते. गृहस्थ गरम डोक्याचे आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘साहेब, ते चहासुद्धा बशीत ओतून, गार करून, वर साय धरली की मग पितात.’ हे त्यांनी लिहून घेतलं की नाही ठाऊक नाही, पण लायसन्स मिळालं. मामींनी आपलं जुनं लुगडं कापून बंदुकीला गोधडीचा गलेफ शिवला. त्यावर त्याच लुगड्याच्या काठाची मोरपिशी किनार होती. एवढी नटलेली बंदूक मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

पहिल्या नेमबाजीला मामांनी मला रेंजवर नेलं. इस्त्रीचा सदरा, पायात चपलांऐवजी बूट, चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसल्याचा भाव. तासभर त्यांनी नळी बघितली, पुसली, परत बघितली. मग कारबाईन खांद्याला लावली, श्वास रोखला आणि घोडा ओढला. आवाज झाला. मामांनी डोळे मिटून घेतले आणि तसेच उभे राहिले. चौतीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला तो आवाज आज त्यांच्या हातून निघाला होता. मलाही भरून आलं. पुढच्या नऊ गोळ्या त्यांनी दर गोळीमागे पाच मिनिटं घेत झाडल्या. समोरचा कागद जवळ आणला तर तो कोरा करकरीत होता. रेंजवरचा तरुण प्रशिक्षक चाचरत म्हणाला, ‘काका, नेमाची साईट थोडी ॲडजस्ट करू या का?’ मामांनी मान हलवली. ‘नली सरल हाय. मी वाकडा हाय,’ म्हणाले, आणि रिकाम्या पुंगळ्या एकेक वेचून रुमालात बांधल्या. त्यानंतर वर्षातून एकदा दहा गोळ्या, हा त्यांचा नेम झाला. कागदाला भोक पडलं तर मामी शिरा करायच्या. शिरा फार वेळा झाला नाही.

निवडणूक आली की मामांच्या घराला सुतक यायचं. आचारसंहिता लागली की लायसन्सच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मामा मोरपिशी गलेफासकट कारबाईन घेऊन जायचे आणि पोरीची सासरी पाठवणी करून आल्यासारखे परत यायचे. दर सोमवारी तेलाची बाटली आणि फडकं घेऊन ठाण्यात हजर. हवालदार चांगला होता, समोर बसवून नळी पुसू द्यायचा. एकदा मात्र मामांनी शेजारच्या रिव्हॉल्व्हरकडे बघत सांगितलं, ‘हे ज्याचं असंल त्याला सांगा, गंज चढलाय.’ हवालदार म्हणाला, ‘मामा, तुमी तुमचं बघा ना. उगाच टेन्शन नका देऊ.’ ते रिव्हॉल्व्हर एका बिल्डरचं होतं. मामांना बिल्डर लोकांबद्दल आधीच फारसा आदर नव्हता, तो त्या दिवशी संपला.

आणि मग गेल्या वर्षी लायसन्स नूतनीकरणाला आलं. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. मामांच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. कडेचं दिसेनासं झालं होतं आणि गेलेली नजर परत येणार नव्हती. दाखला नाही तर लायसन्स नाही, लायसन्स नाही तर कारबाईन नाही. डॉक्टर त्यांच्याच गावातला, मामांच्या डोळ्यादेखत मोठा झालेला. तो म्हणाला, ‘मामा, मी सही करतो. वर्षाला दहा गोल्या तुमच्या, त्या पन कागदाला लागत नाय. कोनाला कलनार हाय?’ मीसुद्धा मामांचा हात दाबला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ती सही हवी होती.

मामा म्हणाले, ‘चौतीस वर्सं एक वाकडी नली पास केली नाय. साहेब बोलला तरी नाय. आता माझाच डोला गेलाय, त्याला कसा पास करू?’ त्यांनी खिशातून लाल खडू काढला आणि नूतनीकरणाच्या अर्जावर आडवी रेघ मारली. डॉक्टरने मान खाली घातली. मग त्याने पेनाला टोपण लावलं.

कारबाईन बंदुकीच्या दुकानात जमा करायच्या सकाळी मामा खिडकीत बसले होते. त्यांनी नळी नेहमीसारखी उजव्या डोळ्याला लावली, मग डाव्याला, पण त्या डोळ्याला ही पारख कधी नव्हतीच, म्हणून खाली ठेवली. आजवर ती नळी त्यांनी कुणाला बघू दिली नव्हती. ती माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘जावई, तुमी बघा. एकात एक हायत?’ मी बघितलं. उजेडाची वर्तुळं एकात एक अगदी शांत बसली होती. ‘आहेत, मामा.’ ते म्हणाले, ‘मना बरं वाटावं म्हनून नका बोलू.’ मी पुन्हा बघितलं, अगदी सावकाश. ‘खरंच आहेत.’ ‘मग चला,’ म्हणाले. गलेफ तेवढा मामींनी ठेवून घेतला.

परवा मामा आमच्याकडे आले, तेव्हा पडद्यासाठी आणलेला नवा पाईप दारात उभा होता. त्यांनी तो सवयीने उचलला, डोळ्यापर्यंत नेला आणि थांबून माझ्याकडे दिला. मी तो गॅलरीच्या उजेडासमोर धरला. एक वर्तुळ जरासं डावीकडे सरकलेलं होतं. बायकोने तो पाईप दोन दुकानं पालथी घालून आणला होता आणि ती स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडेच बघत होती.

‘वाकडा आहे, मामा,’ मी म्हटलं.

मामांनी खिशात हात घातला आणि लाल खडू माझ्या तळहातावर ठेवला.