लेकींच्या पाण्याचं मैदान

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादेतून फुटून आलेल्या आमच्या कार्यालयात माणसं जास्त अन् खुर्च्या कमी. उशिरा येणाऱ्यानं खिडकीत टेकायचं. वर पावसानं दगा दिलेला. पण साहेबांचा उत्साह भारी. उदगीरच्या पुढं एका गावात दरवर्षी जत्रेला कुस्त्यांचं मैदान भरायचं. तेच लातूरला आणलं तर नव्या जिल्ह्याची शान वाढेल अन् बाजाराला उठाव येईल, असं त्यांनी मनावर घेतलं. ते बघून अहवाल द्यायला धाडलं कुणाला, तर मला! मी सांख्यिकी सहायक खरी, पण कुस्ती कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. तसं तोंडावर सांगितलं, तर म्हणाले, बाई, तुम्हाला कुस्ती खेळायची नाही, मोजायची आहे.

दुष्काळ म्हणून त्या वर्षी जत्रेला एक अट घातली होती. गावाला टँकर चालू होता, तेव्हा गावातलं थेंबभर पाणी मैदानाला लागता कामा नये. लागलं तर मैदान लातूरला गेलंच समजा. ती अट पाळतात का, हे बघायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

गावात गेले तर मला बसवायचं कुठं, हाच घोळ. मैदानात बायका जात नाहीत अन् सरकारी माणसाला नाही म्हणता येत नाही. शेवटी वेशीजवळच्या एका शेतकऱ्याच्या घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, घोंगडी अंथरून दिली. तिथून एका अंगाला मैदान दिसायचं अन् दुसऱ्या अंगाला वेस. त्या घरच्या काकू माझ्या शेजारी बसल्या. त्यांचं लक्ष मैदानाकडं नव्हतंच, त्या नुसत्या रस्त्याकडं बघत होत्या.

मी माझे प्रश्न सुरू केले. पैलवान कुठून येतात, दुकानं किती लागतात. काकूंनी मला मधेच थांबवलं. त्यांच्याकडून कळलं ते असं. मैदानाची तांबडी माती कुस्तीआधी भिजवायची असते. ते पाणी गावच्या दिलेल्या लेकींनी सासरहून घागरीत आणायचं, ही त्या गावची जुनी रीत. लेकींसोबत जावई येतात अन् जावयांसोबत त्यांच्या गावचे पैलवान. एरवी गावच्या विहिरीतल्या चार घागरी ओतून भागायचं, लेकींचं पाणी नुसत्या मानाचं असायचं. यंदा सगळा भार लेकींच्याच पाण्यावर होता.

काकूंची एकुलती एक लेक देगलूरकडं दिलेली. सासरचे कडक, एरवी माहेरी पाठवायचे नाहीत. पण जावई कुस्तीचा लई येडा, म्हणून जत्रेला तेवढी ती यायची. मैदान हाललं की लेकीचं येणं खुंटलं. काकू हे रडून नाही, रागानं सांगत होत्या, अन् तो राग माझ्यावरच होता. मीही काही गरीब गाय नव्हते, पण त्या दिवशी वही मिटून ठेवली.

उन्हं वर आली तशा लेकी दिसायला लागल्या. कुणी बैलगाडीत, कुणी एसटीतून उतरून पायी, प्रत्येकीच्या डोक्यावर भरली घागर. अगं बाई, मी बघतच राहिले. जिथं प्यायला पाणी नाही, अशा गावांमधून या बायका पाणी घेऊन निघाल्या होत्या. वाटेत सांडू नये म्हणून घागरीच्या तोंडाला फडकी बांधलेली. पण एकही वेशीच्या आत येईना. आल्या तशा वेशीबाहेर लिंबाखाली उभ्या राहिल्या. मैदानात हलगी वाजून वाजून थांबली, पैलवान खोळंबले, पंच दोनदा येऊन हात जोडून गेले. बायका जागच्या हालल्या नाहीत. ओठ सुकलेले, पण घागरीला कुणी तोंड लावलं नाही. मी काकूंना विचारलं, हे काय चाललंय?

"सगळ्याजणी आल्याबिगर वेस वलांडायची न्हाई," काकू म्हणाल्या. "माझीच राह्यलीय."

मग पुढचं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. लेकीच्या सासरची विहीर आटल्याचा निरोप आला होता. रिकामी घागर घेऊन लेक यायची नाही, अन् ती आली नाही तर बाकीच्याही आत येणार नाहीत, माती कोरडी राहील. मला खरंच धडकी भरली. आता लातूरला काय लिहू, असं झालं.

दुपार कलली तेव्हा ती आली. मागं नवरा, त्याच्या मागं पाचसहा पैलवान. तिच्या डोक्यावरची घागर पालथी होती. म्हणजे रिकामीच. काकूंनी कपाळाला हात लावला.

ती वेशीपासून लांबच थांबली. तेव्हा लिंबाखालची एक बाई पुढं गेली. तिनं पालथी घागर उतरवून सुलटी केली, स्वतःच्या घागरीतलं थोडं पाणी तीत ओतलं अन् बाजूला झाली. मग दुसरी गेली, मग तिसरी. त्या शेवटल्या लेकीची घागर काठोकाठ भरली, तशी सगळ्यांनी मिळून वेस ओलांडली अन् मैदानाच्या कडेनं तांबड्या मातीवर पाणी सोडलं. हलगी कडाडली. मी भर माळवदावर ढसाढसा रडले. काकू मात्र लेकीला वरूनच ओरडल्या, लई उशीर केलीस. मग जिना उतरून धावत गेल्या.

कुस्त्या मी त्या दिवशी पाहिल्या, पण कोण जिंकलं ते सांगता यायचं नाही.

लातूरला आल्यावर साहेबांनी विचारलं, अट पाळली का? पाळली म्हटलं. मैदान लातूरला आणावं का? आणू नये म्हटलं. ते चिडले. "मग बाई, त्या एवढ्याशा गावात मैदान वाढणार कसं?"

"साहेब, तिथं लेकी जन्मतात अन् लांब दिल्या जातात," मी म्हणाले. "जितक्या लांब देतील, तितकं वाढेल."