उघडून दिलेली बाटली

पूर ओसरला आणि आमच्या गल्लीत कावीळ आली. समोरच्या घरातली सून माझ्यासारखीच सहा महिन्यांची गरोदर होती. तिला सांगलीला दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. त्या दिवसापासून मी नळाच्या पाण्याने चूळसुद्धा भरेना.

नवरा कामावरून येताना सीलबंद बाटल्यांचा बॉक्स आणायचा. त्या पाण्यात तरी काय असतं, हे मला कुठं ठाऊक होतं? पण झाकण फिरवताना कडकन आवाज झाला की जीव भांड्यात पडायचा. सकाळी उठल्या उठल्या आरशात डोळे पिवळे दिसतात का ते बघायचे. एवढी भित्री मी कधीच नव्हते. सासूबाई मात्र नेमाने नळाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायच्या आणि फडकं उलटं धुऊन त्यातले जीव परत पाण्यात सोडायच्या. आम्ही जैन. त्यांना त्या जिवांची काळजी आणि मला त्याच जिवांची धास्ती.

बॉक्स पलंगाखाली असायचा. मला वाकवेना, तशा सासूबाईच बाटली उघडून उशाशी ठेवू लागल्या. बरं वाटायचं. मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेले, तर त्या रिकाम्या बाटलीवर नरसाळं धरून पातेल्यातलं पाणी ओतत होत्या.

त्यांना मी आत्या म्हणते. "आत्या, हे किती दिवस चाललंय?" मी ओरडलेच.

"पंधरा दिस झालं असतील," त्या दचकून म्हणाल्या. "बाटल्या संपतील म्हणून तू घोट घोट पुरवून पितीस. ओठ सुकल्यात बघ तुझं. मला बघवंना."

"आणि बाळाला काही झालं तर?"

"उकळून, गाळून घेतलंय गं. आन् सकाळी आदी मी पिते. दुपारपतोर मला काय झालं न्हाई, तवाच तुला देते. माझं काय, म्हातारीचं."

कावीळ दिसायला कित्येक आठवडे लागतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. पोटात बाळ हललं आणि मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आरशापाशी जायच्या आधी मी त्यांना खिडकीजवळ उजेडात बोलवायचे आणि त्यांचे डोळे बघायचे.