सालेमच्या खजुरींचं पाणी

गेल्या उन्हाळ्यात माझा देवावर राग होता, आणि तो पूर्ण गेला असं मी आजही म्हणणार नाही. मी मूळचा वसईचा, बागायती करणाऱ्या कॅथलिक घरातला. तरुणपणी मॉर्मन पंथात गेलो तेव्हा घरच्यांनी बोलणं टाकलं. बायको लीना तेवढी सोबत राहिली. पंथाच्या पहिल्या लोकांनी ओसाड वाळवंटात पाट खणून शेती उभी केली, हे वाचून मी भारावलो होतो. आखातात, निझवा शहराच्या पलीकडे, वाळू सुरू होते तिथल्या शेतावर काम मिळालं तेव्हा वाटलं, देवाने मलाही त्याच वाटेला लावलं. ते भारावलेपण पहिल्याच उन्हाळ्यात उतरलं. पहाटे उठून वाऱ्याने बुजलेल्या सऱ्या फावड्याने मोकळ्या करायच्या, बकऱ्यांसाठी लसूणघास कापायचा, दुपारी पत्र्याच्या खोलीत भाजत पडायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. प्रार्थनेलाही सोबत कोणी नाही.

अर्बाबने, म्हणजे मालकाने, एक पडीक तुकडा दाखवून सांगितलं होतं, "ये हरा कर, फिर बीवी का विसा करता हूँ, इन्शाल्ला." आठ वर्षं लीना तिकडे आणि मी इकडे. मी मरमर राबून तो तुकडा हिरवा केलाही. मग गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारट झालं आणि लसूणघास कडेकडेने पिवळा पडू लागला.

गोडं पाणी होतं ते फक्त फलजचं, डोंगरातून येणाऱ्या जुन्या पाटाचं. त्याच्या पाळ्या सालेम नावाचा म्हातारा ठरवायचा. मी पाळी मागायला गेलो. त्याने खजूर पुढे केला आणि कॉफी ओतली. इथे कॉफी झाल्याशिवाय कामाचं कोणी बोलत नाही. आमच्यात चहा-कॉफी वर्ज्य. मी कपावर हात धरून म्हणालो, "नहीं पीता." कारण सांगितलं नाही. खरं सांगायचं तर नेम मोडला नाही म्हणून मी मनातल्या मनात फुशारलो होतो. सालेमने कप खाली ठेवला आणि पाण्याचा विषय निघालाच नाही.

महिन्यातून एकदा आम्ही दोन जेवणं सोडून निर्जळी उपास करतो. इथे मी तो सुट्टीच्या शुक्रवारी करतो. त्या शुक्रवारी मी देवाला धमकीच दिली, की पाणी दे, नाहीतर तुझं-माझं खलास. तसाच हट्टाने उन्हात सऱ्या ओढत राहिलो आणि बांधावर कोसळलो.

डोळे उघडले तेव्हा सालेम माझ्या कपाळावर स्वतःचा ओला रुमाल धरून बसला होता. जुम्म्याच्या नमाजाला निघालेला माणूस, नमाज सोडून. त्याने पाणी ओठाला लावलं, मी मान फिरवली. "रोज़ा है," एवढंच बोलू शकलो.

त्याने पाणी बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "उस दिन भी रोज़ा था?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. का कोण जाणे, खोटं बोलवलं नाही. "नहीं. हमारे धरम में कॉफी मना है."

"तो बोलना था ना. मैं समझा, तेरे को मेरे हाथ का नहीं चलता."

मला शरमेने मेल्यासारखं झालं. त्याने पुन्हा पाणी पुढे केलं आणि मी उपास मोडून ते प्यालो.

दुसऱ्या सकाळी माझ्या तुकड्यात फलजचं पाणी खेळत होतं. त्यानंतर पाळीमागून पाळी येत राहिली. मी गुडघे टेकून रडलो. पण उशीर झाला होता, अर्धाच तुकडा वाचला. अर्बाब एकदा येऊन बघून गेला. "आधा नहीं चलेगा. अगले साल, इन्शाल्ला."

खजूर उतरवायच्या वेळी मी सालेमला मदत करायला गेलो. त्याच्या झाडांचे घड सुरकुतून गेले होते, बकऱ्यांना घालण्यापलीकडे उपयोग नव्हता. मी विचारलं, हे कसं झालं? तो घड कापता कापता म्हणाला, "पानी तो उतना ही है."

माझं मागणं देवाने ऐकलं, ते असं, सालेमच्या स्वतःच्या पाळ्यांतून. मी जे मागत होतो ते कोणाच्या तरी मुळाशी चाललेलं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आता मी देवाला अटी घालत नाही. जे येईल ते घेतो आणि आभार मानतो, आणि ते मानताना दर वेळी सालेमचे सुरकुतलेले घड आठवतात.

लीनाला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे देवाने ऐकलं तुझं," ती म्हणाली.

"ऐकलं गं."

"मग माझं कधी ऐकणार?"

मी फोन तसाच हातात धरून गुडघे टेकले.