भागीबाईनं निवडलेली वस्ती

मखमलाबाद शिवारातला मळा प्लॉटिंगमध्ये गेला, तेव्हा भागीबाई एकसष्ट वर्षांची होती. त्या मळ्यात तिनं चाळीस वर्षं शेवंती, झेंडू, अस्टर पिकवला आणि पहाटे टोपल्या घेऊन गणेशवाडीच्या फुलबाजारात विकायला बसली. मळ्याबरोबर मळ्यातलं राहतं घरही गेलं; उन्हाळ्यापर्यंत ते रिकामं करून द्यायचं होतं. आता चौघांना पुरेल असं घर शहरात बघायचं होतं. चौघं म्हणजे ती, नवरा चिमाजी, सून योगिनी आणि सहा वर्षांची नात साई. मुलगा ज्ञानेश तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला होता.

तसं बघायचं फार काही नव्हतंच. चिमाजीच्या दोघा भावांनी मखमलाबाद नाक्याजवळ शेजारी शेजारी रो-हाउस घेतली होती. तिसरं त्यांनी चिमाजीसाठी धरून ठेवलं होतं. पुढं तुळशीपुरती जागा, मागं मोरी, फुलबाजार हाकेच्या अंतरावर. जाता-येता हाक मारणारी सगळी माणसं ओळखीची.

योगिनीनं एकदाच, भाकरी थापता थापता विषय काढला होता. "आत्या, आमच्या कंपनीतल्या एकीनं पाथर्डी फाट्याला फ्लॅट सांगितलाय. दुसरा मजला. लिफ्ट आहे. मला अंबडला कंपनीत जायला दहा मिनिटं लागतील." आता तिला दोन बस बदलाव्या लागत. सकाळची शिफ्ट असली की साई उठायच्या आत ती घराबाहेर पडायची.

"बघून येऊ," भागीबाई म्हणाली. पण ते सुनेचं मन राखायला. मनातून तिनं नाक्याचं घर कधीच पक्कं केलं होतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी धाकटी जाऊ नवसाबाई हिच्याकडे हळदीकुंकू होतं. नवं घर, म्हणून सगळ्या भावकीला बोलावणं. भागीबाई सुनेला आणि नातीला घेऊन गेली. बायका जमायला लागल्या तशी योगिनी आपणहून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं. तिला कुणी जा म्हटलं नाही. बस म्हणणारंही कुणी नव्हतं. बाहेर हसणं-खिदळणं चाललं होतं, तिळगूळ वाटला जात होता. साई प्रत्येकीच्या पुढ्यात जाऊन वाणाच्या डब्या मोजत होती. मधेच तिनं मोठ्यांदा विचारलं, "मम्मीला डबी नाही?"

नवसाबाईनं पटकन एक डबी पोरीच्या हातात दिली. "घे बाई, ही तुला."

भागीबाईच्या हातात कुंकवाचा करंडा होता. ज्ञानेशच्या दहाव्याला याच हातांनी तिनं सुनेच्या गळ्यातली पोत काढली होती. त्यानंतरच्या प्रत्येक संक्रांतीला, प्रत्येक लग्नाला, "तू आत बघ गं जरा," असं तीच म्हणत आली होती. आता म्हणावंही लागत नव्हतं. योगिनीला सवय झाली होती.

पुढच्या रविवारी दोघी पाथर्डी फाट्याचा फ्लॅट बघायला गेल्या. भागीबाईला तो काही आवडला नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत. जमीन कुठं दिसेना. हायवेचा आवाज थांबेना. "तुळस कुठं लावायची?" तिनं विचारलं. योगिनीनं गॅलरी दाखवली. दीड हात रुंद.

दोघी निघाल्या, तेवढ्यात समोरचं दार उघडलं. भाग्यश्री नावाची तिशीतली बाई दारात उभी होती, आत बायकांची गर्दी. "फ्लॅट बघायला आलात का? मग आतच या, हळदीकुंकू चाललंय. अशा दारातनं परत जायचं नाही."

नको नको म्हणेपर्यंत तिनं भागीबाईला कुंकू लावलं आणि त्याच हातानं योगिनीच्याही कपाळाला टेकवलं. योगिनीचा गळा मोकळा होता, पण तिथं आणखी दोघीतिघींचा तसाच होता. कुणी वर बघितलंही नाही. योगिनीनं मात्र सासूकडे बघितलं. मार खायच्या आधी लेकरू बघतं, तसं.

भागीबाईनं बोलायला हवं होतं. 'बाई, हिला लावू नका,' एवढंच. शब्द तोंडापर्यंत आले होते. ती बोलली नाही. पुढ्यातला तिळगूळ उचलून तोंडात टाकला.

परतायला त्यांनी रिक्षा केली. पंचवटी आली, मखमलाबाद नाका जवळ आला, तसा योगिनीनं रुमाल काढला आणि कपाळ पुसायला लागली.

"राहू दे की," भागीबाई म्हणाली.

"आत्या, नाक्यावर उतरायचंय, भावकीसमोर." एवढं बोलून योगिनीनं आणखी जोरानं कपाळ घासलं. रुमाल पिशवीत टाकला, तेव्हा कातडी लाल झाली होती.

त्या संध्याकाळी भागीबाईनं नवऱ्याला सांगितलं, "नाक्याचं घर नको. पाथर्डी फाट्याला जाऊ."

चिमाजी खाटेवर उठून बसला. "डोकं फिरलं का तुझं? तिथं कोण हाय आपलं? उद्या मी पडलो तर उचलायला भाऊ येतील, का तिथले लोक?"

"तुमचं बरोबर हाय."

"मग?"

"ती एकतीसची हाय. आपल्या मागं चाळीस वर्षं काढायची तिला. ती काय सैपाकघरात काढंल? अवो, त्या घरात मीच तिला आत बसवीन. मला माहीत हाय ना मी कशी हाय. सगळ्या बघत असल्या की माझ्या तोंडातनं आपोआप निघतंय."

दोन दिवस चिमाजीनं अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता बसनं पाथर्डी फाट्याला गेला, दुपारभर त्या इमारतीखाली बसून आला. हातपाय धुता धुता म्हणाला, "तिथं पाणी सकाळी तासभरच येतं. टाकी बघावी लागंल."

अक्षय तृतीयेला ते राहायला गेले. भावांनी सामान लावायला हात दिला, पण जेवायला थांबले नाहीत. मळा गेल्यापासून भागीबाई दुसऱ्यांची फुलं घेऊन विकत होती; पण पहाटेच्या बाजाराला तिथून पोचायला पहिली बससुद्धा उशिराची. महिनाभर ओढाताण करून तिनं आपली बसायची जागा बाजारात शेजारी बसणाऱ्या सुलाबाईला देऊन टाकली. देताना ती रडली नाही. घरी आली आणि दोन दिवस पडून राहिली.

पावसाळ्यात साईनं खेळता खेळता भाग्यश्रीच्या मुलीला सांगितलं, की माझे पप्पा वारले. भाग्यश्री दारात येऊन अवघडून उभी राहिली. "काकू, मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी…"

"तुला नव्हतं. मला होतं," भागीबाई म्हणाली. "मीच बोलले नाय."

पुढच्या संक्रांतीला मजल्यावरच्या दोघींनी फक्त भागीबाईला बोलावलं. ती गेली नाही. भाग्यश्री दोघींना बोलवायला आली. योगिनीनं शिफ्ट आहे म्हणून सांगितलं. शिफ्ट खरंच होती. पण निघताना तिनं आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हातानं छोटी लाल टिकली लावली, आणि सासूच्या समोरून, डोळे खाली न घालता, दारातून बाहेर पडली.

चिमाजीचं मात्र तिथं मन रमलं नाही. तो खाली बाकावर बसायचा आणि आल्यागेल्याला गाव विचारायचा. दिंडोरीकडचं कुणी भेटलं, तर तासभर द्राक्षांवर बोलून यायचा.

एकदा सुट्टीच्या दिवशी भागीबाई मेथी निवडत बसली होती. योगिनी जवळ येऊन टेकली. तिनं विचारलं, "आत्या, नाक्यावर घेतलं असतं, तर तुम्हाला बरं पडलं असतं ना?"

भागीबाई खोटं बोलली नाही.

"पडलं असतं," ती म्हणाली, आणि अर्धी जुडी सुनेपुढं सरकवली.