जिजाजींचा गुलाबी दुपट्टा

जलरंगाच्या प्रात्यक्षिकात मी एक वाक्य हमखास फेकतो. कागद ओला असतो, आभाळाचा निळा आपला आपण खाली उतरत असतो, समोरची मंडळी श्वास रोखून बसलेली असतात, आणि मी ब्रश हवेत धरून म्हणतो, "जलरंगात माणसानं सोडून द्यायला शिकावं." लोक माना डोलावतात, एखादी बाई मोबाइलमध्ये टिपून घेते. या उन्हाळ्यापर्यंत मलाही ते खरं वाटायचं. आता ते तोंडाशी आलं की माझीच मला चीड येते.

सिंदी रेल्वे या गावात आमचं किराणा दुकान होतं. चित्रं काढणं हे वडिलांच्या लेखी रिकामटेकड्यांचं काम. मला नागपूरला चित्रकला शिकायला पाठवायचं की नाही, यावरून घरात पंधरवडाभर अबोला होता. तो मोडला माझ्या मोठ्या बहिणीनं. "जाऊ द्या त्याले," ती वडिलांना म्हणाली, "तो पुड्या बांधत नाई, पुड्यांवर बैलं काढते. गिऱ्हाईक हासून राह्यले." वडीलही हसले आणि माझं काम झालं. मी आज जो काही चित्रकार आहे तो ताईच्या त्या एका बोलण्यामुळे.

पुढे वर्ध्याला शाळेत चित्रकला शिकवली आणि रविवारी स्वतःची चित्रं केली. सुरुवातीची चित्रं आठवली की लाज वाटते. सगळं दाखवायचा हव्यास. झाडाचं पानन् पान, घराचं कौलन् कौल. चुकलं की घासायचो, पुन्हा भरायचो, शेवटी कागदाची साल निघायची. हात आवरायला मला निम्मं आयुष्य लागलं. उन्हातली भिंत रंगवायची नसते, तिथला कागद कोरा ठेवायचा असतो, एवढी साधी गोष्ट. ती जमल्यावर मी माणसांचे नाक-डोळेही काढायचं बंद केलं. दोन फटकाऱ्यांत माणूस चालताना दिसला पाहिजे, हा माझा हट्ट, आणि त्यासाठीच लोक मला थोडेफार ओळखतात.

ताई रोहण्याला दिली. जिजाजी शाळेत शिक्षक, सकाळ-संध्याकाळ शेतात. एका हिवाळ्यात तूर फुलली होती, तेव्हा मी त्यांना बांधावर उभं केलं आणि कागद ताणला. जिजाजींना दम कुठला! "झालं का? अजून नाई झालं?" असं दोनदा ओरडले आणि सरळ चालायला लागले. मग मी त्यांची पाठच काढली. ताईनं आर्वीच्या बाजारातून आणलेला भडक गुलाबी दुपट्टा त्यांनी डोक्याला गुंडाळला होता. शाळेतले लोक त्यावरून त्यांना चिडवायचे, तरी ते तोच बांधायचे. करडा सदरा आणि वर तो गुलाबी, एवढ्यातच अख्खे जिजाजी आले. मान किंचित डावीकडे, पाय घाईत. असं चित्र परत कधी हातून झालं नाही. मी ते तिथल्या तिथे ताईला देऊन टाकलं.

माझ्या रंगपेटीत तो गुलाबी रंग अजून आहे. ओल्या कागदावर टेकवला की पेटतो. पण उजेडात टिकत नाही. नळीवर तसं छापलेलंच असतं आणि जलरंगात काम करणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक असतं. विकायच्या चित्रात, प्रदर्शनाच्या चित्रात मी तो कधीच घालत नाही, तिथे टिकाऊ लाल पातळ करून भागवतो. परक्या माणसाच्या दिवाणखान्यातलं चित्र टिकावं याची मला काळजी. आणि ताईला दिलेलं हे काय, घरचंच होतं. दिसायला झकास आलं, बस.

जिजाजींना जाऊन आता तीन वर्षं झाली. या उन्हाळ्यात ताईचा फोन आला. "तुझे जिजाजी पुसट होऊन राह्यले रे," ती म्हणाली, "येऊन पाहून घे एकदा."

मी आर्वीमार्गे दुपारी पोचलो. चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर होतं. तुरीचा पिवळा जसाच्या तसा, आभाळ शाबूत, आणि मधे, जिथे दुपट्टा होता तिथे, चहा सांडून वाळल्यासारखा एक डाग, त्याखाली नुसता करडा पट्टा. नवख्याला तिथे कोणी माणूस चालतोय हे सांगूनही कळलं नसतं.

"हिनं काच पुसली त्या निळ्या पाण्यानं," ताईनं सुनेकडे बोट दाखवलं, "तवापासून असं झालं." सून स्वयंपाकघराच्या दारात मान खाली घालून उभी होती. "मी वरूनच पुसली होती, मामा," ती हळूच म्हणाली. या गोष्टीवरून घरात बरंच काही होऊन गेलेलं दिसत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "ताई, काचेचं नाई. खिडकीतून उजेड येते ना, त्यानं होते."

"मंग मी म्हणत नव्हती, पडदा लाव म्हणून?" ताई पुन्हा सुनेवरच घसरली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या अर्ध्या खरेपणानं तिच्यावर दुसरा आरोप आणला होता.

"पडद्याचं नाई, पाण्याचं नाई," मी म्हणालो, "रंगच कच्चा होता. मले माहीत होतं."

"माहीत होतं?"

"हो."

"मंग काऊन लावला?"

"चांगला दिसत होता."

ताई सुनेला जवळ बोलावून "बेटा, चहा ठेव" एवढंच म्हणाली. तिनं मला चारचौघांत झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

चहा झाल्यावर तिनं विचारलं, "याच्यावरच पुन्हा भरता येत नाई का?" नाही येत. ओला ब्रश लावला तर उरलासुरला रंगही सुटेल, आणि त्या एका दमाच्या फटकाऱ्यावर मी जपून गिरवत बसलो तर दुपट्टा दिसेल, पण जिजाजी दिसणार नाहीत. मी नवं चित्र करून आणायचं कबूल केलं.

वर्ध्यात मी त्यासाठी कागदांमागून कागद खराब केले. रंग सगळे टिकाऊ घेतले. हात मात्र भीत भीत चालत होता, सगळं नीट यावं म्हणून. त्यातलं बरं निघालेलं काचेत लावून पुन्हा रोहण्याला गेलो. ताईनं ते खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण हा माणूस थांबला आहे रे. ते कवा थांबले?"

तिचं खरं होतं. मी ते चित्र पुन्हा पिशवीत घातलं. मग जुन्याबद्दल जे माहीत होतं ते सांगितलं, की अंधारात, पेटीत कापडात गुंडाळून ठेवलं तर आहे तेवढा रंग राहील.

"पेटीत ठेवू? मंग पाहू कवा?"

गॅसपाशी उभं राहिलं की समोर दिसावं म्हणून तर तिनं ते त्या भिंतीवर लावलं होतं. पोळ्या लाटताना मान वर केली की जिजाजी शेताकडे निघालेले. प्रात्यक्षिकातल्या मंडळींना मी जे सोडून द्यायला शिकवत होतो, ते मला कधी सोडावंच लागलं नव्हतं.

तिनं खुर्ची ओढली, वर चढली आणि जुनं चित्र परत खिळ्याला अडकवलं. मी खाली खुर्ची धरून उभा होतो. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "अजून किती दिवस दिसन?"

"बरेच दिवस," मी म्हणालो.

चौकट सरळ करत ती म्हणाली, "दवाखान्याच्या बाहेर मी ह्यांचं विचारलं होतं, तवाई तू हेच म्हटलं होतं." आणि खाली उतरायला तिनं माझ्याच खांद्याचा आधार घेतला.