परत न घेतलेला कागद

मी गडचिरोलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला. गोळ्यांनी लेकीच्या फिट थांबल्या, तसा शेजारी म्हणाला, "आता बंद कर, पोरगी मंद हुईल." घाबरून मोठ्या सरकारी दवाखान्यात धावलो आणि चुकून तिथल्या डॉक्टरांच्या लायब्ररीत शिरलो.

टेबलामागच्या बाई बडीशेप चघळत एका डॉक्टरला चपला बाहेर काढायला लावत होत्या. माझं ऐकून त्यांनी कॉम्प्युटरवरून एक इंग्रजी लेख छापला आणि ओळ न ओळ मराठीत सांगून माझ्या हातात दिला. "मनानं गोळ्या बंद केल्या तर फिट परत येत्यात. पण मी डॉक्टर न्हाय, त्यांनाच विचार. वरडले तर हिकडं पाठव, त्यांची पुस्तकं परत यायची राहिल्यात!"

डॉक्टर ओरडले नाहीत. गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या.

आठ दिवसांनी कागद परत करायला गेलो, तर हसून बाईंना ठसकाच लागला. "आरं येड्या, हे सगळ्या जगाला फुकट हाय. त्या शेजाऱ्याला दाव की!"

संध्याकाळी शेजाऱ्याला समोर बसवून मी तो इंग्रजी कागद समोर धरला आणि बाईंनी सांगितलेलं, पाठ झालेलं सगळं ऐटीत वाचून दाखवलं. तो मान डोलवू लागला. लेक मात्र म्हणाली, "बाबा, तुमाले इंग्रजी कुठं येते?"